कोरियाची तार

१९५० च्या जूनमध्ये मुलुंड मुंबईत नव्हतं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये महापालिकेची हद्द वाढली, ती एका बाजूला जोगेश्वरीपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला भांडुपपर्यंत. अंधेरी आणि घाटकोपर मुंबईत आले. बोरिवली आणि मुलुंड बाहेरच राहिले, ते १९५७ मध्ये आत आले. तरी मुलुंडच्या आमच्या चाळीत जगाची बातमी पहाटेच पोचलेली असायची, कारण आबा, म्हणजे माझे आजोबा, गिरगावातल्या एका मराठी दैनिकात रात्रपाळीचे उपसंपादक होते. कोरियाच्या युद्धाची रोजची तार मराठीत आणण्याचं काम तीन वर्षं बहुतेक त्यांच्याचकडे होतं.

हे सगळं मी त्यांच्याकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. पावसाळ्यात दिवे गेले की आबा बोलायला लागायचे. माझ्या आईचे मामा, म्हणजे माझे मामाआजोबा, घाटकोपरला भटवाडीत राहायचे, मूळ सातारा जिल्ह्यातले. तेही आले की दोघांचं कोरियावरून सुरू व्हायचं. आबांनी ते युद्ध कागदावर पाहिलं होतं आणि मामाआजोबांनी त्याचा शेवट डोळ्यांनी. तारखा आणि आकडे मी पुढे पुस्तकांतून ताडून घेतले. माणसं काय बोलली ते मात्र त्यांच्या तोंडचं आहे.

युद्धाला तोंड फुटलं ते २५ जून १९५० ला, रविवारी. उत्तर कोरियाच्या फौजा अडतिसावी अक्षांशरेषा ओलांडून खाली उतरल्या आणि तीन दिवसांत सेऊल पडलं. मंगळवारपर्यंत ऑफिसात कोरियाचा नकाशा शोधण्याची धावपळ चालली होती. शेवटी एका शालेय ॲटलासवरून जस्ताचा ब्लॉक करून घेतला. त्यात अडतिसावी रेषा, सेऊल, प्योंगयांग, खाली टोकाला पुसान आणि वर यालू नदी एवढंच होतं. आघाडी रोज हलणार म्हणून ती नकाशात दाखवलीच नव्हती, खाली एका ओळीत लिहायचे.

तार यायची टोकियोहून. जनरल मॅकआर्थर यांचं मुख्यालय तिथल्या दाइ-इची या विमा कंपनीच्या इमारतीत होतं आणि संयुक्त राष्ट्रांच्या फौजांचं अधिकृत पत्रक तिथून निघायचं. टोकियोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळे तिथलं रात्रीचं पत्रक आपल्याकडे जेवणवेळेला टेलिप्रिंटरवर खडखडायला लागायचं. पीटीआयचा इंग्रजी कागद फाडायचा, न्यूजप्रिंटच्या कापलेल्या पट्ट्यांवर शाईने मराठी उतरवायचं, एकेक पट्टी कंपॉझिटरकडे द्यायची. खिळे जुळेपर्यंत पुढची पट्टी तयार हवी. शेवटची गाडी चुकली तर ऑफिसातच टेबलावर झोपायचं.

पत्रकाचा साचा ठरलेला होता. आधी पश्चिम आघाडी, मग मध्य, मग पूर्व, मग विमानांनी किती फेऱ्या मारल्या ते, मग शत्रूचे किती मेले त्याचा अंदाज. अमेरिकेचे स्वतःचे किती, ते वॉशिंग्टनहून वेगळं आणि उशिरा यायचं. आबांचं म्हणणं होतं की या कागदात खोटं फारसं नसतं, पण खरं कुठे आहे ते ओळखावं लागतं. हाताखालच्या नव्या पोरांना ते सांगायचे, "दावे वाचू नका रे, गावं वाचा. काल कुठलं गाव होतं, आज कुठलं आहे, तेवढं बघा."

जुलै महिन्यात हे लख्ख दिसलं. ५ जुलैला ओसान. २० जुलैला तेजॉन पडलं, तिथे अमेरिकेचे जनरल डीन बेपत्ता झाले आणि पुढे कळलं की ते कैद झाले. ऑगस्टमध्ये नाकतोंग नदी. रोजच्या पत्रकात शत्रूची जबर हानी व्हायची, आणि गावाचं नाव रोज पुसानच्या दिशेला सरकायचं. आबांनी मग स्वतःच एक पायंडा पाडला. मजकुराच्या पहिल्या वाक्यात गाव, ते कालच्या गावापासून किती मैल आणि कोणत्या दिशेला ते, आणि त्यानंतर दावे. त्यामुळे गाडीत उभ्याने पेपर वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच युद्ध कळायचं. मला विचाराल तर युद्धाची बातमी मराठीत कशी द्यावी याचा याहून चांगला धडा कुठल्या अभ्यासक्रमात मिळणार नाही.

१२ ऑगस्टच्या तारेत बातमी देणारेच बातमीत आले. वेग्वान या गावाजवळ एक जीप सुरुंगावर गेली. तीत लंडनच्या 'टाइम्स'चे इयन मॉरिसन, 'डेली टेलिग्राफ'चे ख्रिस्तोफर बकली आणि कर्नल उण्णी नायर असे तिघं होते. तिघंही गेले. उण्णी नायर हे संयुक्त राष्ट्रांच्या कोरिया आयोगावर भारताचे प्रतिनिधी. दुसऱ्या महायुद्धात भारतीय फौजेच्या बातम्या जगाला पुरवण्याचं काम त्यांनी केलं होतं, म्हणून मुंबईच्या वृत्तपत्रांत त्यांचं नाव माहीत असलेले बरेच होते. त्यांची समाधी आजही कोरियात देगू शहरात आहे. आबा सांगायचे, त्या रात्री ती पट्टी खाली पाठवताना विभागात कोणी बोललं नाही. रोज ज्या गावांची नावं आपण नुसती उतरवतो, तिथे आपल्या धंद्यातली माणसं चिखलातून फिरत असतात हे त्या दिवशी सगळ्यांना टोचलं.

दोनच दिवसांनी, १४ ऑगस्टला, मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. बोनससाठी समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने पुकारलेला तो संप ६३ दिवस चालला आणि सुमारे दोन लाख कामगार त्यात होते. परळ-लालबागच काय, घाटकोपर-कुर्ल्याच्या चाळींतही चूल कशी पेटवायची हा प्रश्न होता. १५ सप्टेंबरला मॅकआर्थर यांनी इंचॉनच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवलं आणि सगळं युद्ध उलटं फिरलं. तो संपाचा ३३ वा दिवस होता. पहिल्या पानावर मोठं काय घ्यायचं यावर ऑफिसात वाद झाला. आबांचं मत पडलं संपाच्या बाजूने. इंचॉन उद्या वाचलं तरी चालेल, गिरणीवाल्याला आज काय ठरलं ते आज कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. इंचॉन वर गेलं, संप त्याच्याखाली. याचा सल त्यांना शेवटपर्यंत होता.

युद्धाचा या उपनगरांशी दुसराही संबंध होता, तो बाजारातून. लढाईमुळे जगभर कापूस, ताग, मँगनीज यांचे भाव चढले. रेशन तर महायुद्धापासून चालूच होतं. १९५१ च्या जूनमध्ये अमेरिकेने भारताला गव्हासाठी १९ कोटी डॉलरच्या कर्जाचा कायदा केला, पण तो मंजूर व्हायला महिने लागले, कारण कोरियाच्या प्रश्नावर भारत अमेरिकेच्या मागे मुकाट जात नव्हता. माझी आजी राजकारण बोलणारी नव्हती. पण रेशनच्या रांगेत उभं राहून तिला एवढं कळलं होतं की आबांच्या टेबलावरच्या त्या कागदाचा आणि पिशवीतल्या गव्हाचा काहीतरी धागा आहे.

आता १९५० च्या हिवाळ्याबद्दल. इंचॉननंतर गावांची नावं भराभर उत्तरेला निघाली. २८ सप्टेंबर सेऊल, १९ ऑक्टोबर प्योंगयांग. २४ नोव्हेंबरला मॅकआर्थर यांनी शेवटची चढाई सुरू केली, नाताळला पोरं घरी येतील अशी भाषा होती. पण त्याच्या सात आठवडे आधी, २ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर, पेकिंगमधले भारताचे राजदूत का. मा. पणिक्कर यांना चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी बोलावून घेतलं होतं. अमेरिकन फौजा अडतिसावी रेषा ओलांडून आल्या तर चीन युद्धात उतरेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पणिक्करांनी ते तातडीने दिल्लीला कळवलं, दिल्लीने लंडन-वॉशिंग्टनला. तिथे ते कोणी मनावर घेतलं नाही. पणिक्कर चीनधार्जिणे, त्यांचं काय ऐकायचं, असा सूर होता. २५ नोव्हेंबरच्या रात्री चिनी फौजा तुटून पडल्या आणि जगातली सगळ्यात सुसज्ज सेना दोनशे-अडीचशे मैल मागे आली. ५ डिसेंबरला प्योंगयांग सोडलं. ४ जानेवारीला सेऊल पुन्हा पडलं.

आबांना पणिक्करांची हकिकत तेव्हा माहीत नव्हती. १९५५ मध्ये पणिक्करांचं आठवणींचं पुस्तक आलं, ते त्यांनी वाचलं. रोज रात्री हजारो शब्दांची पत्रकं जगभर जात होती आणि सगळे ती वाचत होते. त्या सगळ्या महिन्यांतला सर्वांत मोलाचा निरोप मात्र एका राजदूताच्या तारेत होता आणि तो वाचणाऱ्यांनी बाजूला ठेवला. आबांना या गोष्टीचा फार राग यायचा. अहवाल लिहिणाऱ्याचं काम अर्धं, उरलेलं अर्धं वाचणाऱ्याचं, असं ते म्हणायचे.

त्या माघारीतली एक गोष्ट आमच्या चाळीत पुढे अनेक वर्षं सांगितली जायची. भारताने कोरियात लढाऊ फौज पाठवली नाही, पाठवलं ते ६० वं पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली. नोव्हेंबर १९५० मध्ये ते पुसानला उतरलं. प्योंगयांग सोडायची वेळ आली तेव्हा त्यांच्याकडे गाड्या नव्हत्या आणि शस्त्रक्रियेचं सामान टाकून निघा असा हुकूम होता. रंगराज यांनी ते ऐकलं नाही. स्टेशनात एक जुनं वाफेचं इंजिन आणि काही डबे सापडले. पथकातल्या ज्यांना इंजिनाची माहिती होती ते फूटप्लेटवर चढले, बाकीच्यांनी बादल्यांची साखळी करून बॉयलर भरला, सामान आणि जखमी चढवले आणि पूल उडवला जाण्याआधी गाडी पलीकडे नेली. आमच्या चाळीत कल्याणच्या लोको शेडमध्ये काम करणारे एक काका होते. थंडीत गारठलेलं इंजिन पुरेशी वाफ धरायला किती तास घेतं हे ते पोरांना समजावून सांगायचे, म्हणजे त्या बादल्यांची किंमत कळावी. पुढे २३ मार्च १९५१ ला मुनसानला अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर याच पथकातल्या १२ जणांनी उडी घेतली. रंगराज आणि मेजर बॅनर्जी यांना महावीर चक्र मिळालं.

मुलुंड कॉलनीत तेव्हा फाळणीनंतर आलेल्या सिंधी-पंजाबी निर्वासितांची वस्ती होती. तिथले एक सिंधी दुकानदार आबांकडून सकाळी पेपर घ्यायचे. जानेवारी १९५१ मध्ये सेऊल दुसऱ्यांदा पडलं तेव्हा त्यांनी अंक उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "साहेब, शहर रिकामं झालं, असं लिहिलंय. मग माणसं कुठं गेली?" पत्रकात ते नव्हतं. लाखो लोक गोठलेल्या हान नदीवरून दक्षिणेला चालत होते, पण पत्रकाच्या साच्यात त्यांना जागा नव्हती. आबांनी त्या रात्री दुसऱ्या तारा चाळून निर्वासितांवर एक लहानसा मजकूर केला आणि तिसऱ्या पानावर लावला. पुढे हे त्यांनी जमेल तेव्हा केलं.

१९५१ च्या उन्हाळ्यानंतर कोरिया पहिल्या पानावरून खाली उतरलं. मॅकआर्थर यांना एप्रिलमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी घरी पाठवलं होतं. सेऊल तोवर चौथ्यांदा हात बदलून संयुक्त राष्ट्रांकडे आलं होतं आणि आघाडी घुटमळत होती ती त्या जस्ताच्या ब्लॉकवर कोरलेल्या अडतिसाव्या रेषेच्याच आसपास. जुलैत केसाँगला तहाची बोलणी सुरू झाली, ऑक्टोबरमध्ये ती पानमुंजॉमला आली. पत्रकं चालूच होती. आता त्यात गावं नव्हती, टेकड्या होत्या, आणि टेकड्यांना आकडे होते. आज अमुक टेकडी घेतली, उद्या सोडली. आबांची गावं वाचायची युक्ती इथे संपली.

आणि इथेच मला त्या रोजच्या पत्रकाची खरी उणीव दिसते. १९५२ च्या वसंतापर्यंत तहाची बाकीची जवळजवळ सगळी कलमं ठरली होती. अडलं होतं ते युद्धकैद्यांवर. चीन आणि उत्तर कोरियाचं म्हणणं, आमचे सगळे कैदी परत द्या. अमेरिकेचं म्हणणं, ज्याला जायचं नाही त्याला बळाने पाठवणार नाही. या एका प्रश्नासाठी लढाई आणखी सव्वा वर्ष चालली, त्या आकडे लावलेल्या टेकड्यांवर माणसं मरत राहिली. रोजचं पत्रक टेकड्या सांगत होतं, युद्ध अडून बसलं होतं तारेच्या कुंपणामागच्या माणसांवर. सिंधी दुकानदाराने विचारलेला प्रश्नच शेवटी सगळ्या वाटाघाटींचा प्रश्न ठरला.

तोड निघाली ती भारताने नोव्हेंबर १९५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडलेल्या ठरावाच्या धर्तीवर. २७ जुलै १९५३ ला युद्धबंदी झाली. परत जायचं नाही म्हणणारे कैदी तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे द्यायचे, आयोगाचे अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या, आणि कैद्यांना सांभाळायला भारताची फौज. त्या फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. मामाआजोबा त्या फौजेत नाईक होते.

त्यांची हकिकत सुरू व्हायची इंचॉनच्या बंदरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय शिपायाचा पाय आमच्या भूमीवर लागता कामा नये असं बजावलं होतं. म्हणून बोटीवरून अमेरिकन हेलिकॉप्टरमध्ये आणि तिथून थेट दोन फौजांमधल्या मोकळ्या पट्ट्यात. साताऱ्याच्या डोंगरातून आलेला तो पोरगा तोवर साध्या विमानातही बसला नव्हता. छावणीचं नाव ठेवलं हिंदनगर. दक्षिणेकडून आलेले कैदी २२,६०४, त्यांतले चिनी १४,७०४, बाकी उत्तर कोरियाचे. उत्तरेकडून आलेले फक्त ३५९, त्यांत २३ अमेरिकन आणि एक ब्रिटिश.

"कैदी म्हटला की तो पळायला बघतो, एवढंच आम्हाला ठाऊक," मामाआजोबा म्हणायचे. "इथं कैदी आम्हालाच आत येऊ देईनात." आत त्यांच्या टोळ्या होत्या, म्होरके होते, झेंडे, ढोल, दगडांचे ढीग होते. चिनी कैद्यांच्या दंडांवर कम्युनिस्टांविरुद्धच्या घोषणा गोंदलेल्या. कोणी स्वखुशीने गोंदवून घेतलेल्या, कोणाला धरून गोंदलेल्या. एकदा एक जण रात्री कुंपणावरून उडी टाकून पहारेकऱ्यांकडे आला, त्याला घरी जायचं होतं. मामाआजोबांनी त्याला कांबळं दिलं. त्याने बाही वर करून दंड दाखवला आणि गोंदलेल्या अक्षरांवरून नखं ओढायला लागला. "आपल्याकडं बायका देवाचं, नवऱ्याचं गोंदून घेतात, ते मिरवायला. हा माणूस कातडं सोलायला निघाला होता." हे सांगताना ते स्वतःचा दंड चोळत.

१९५३ च्या सप्टेंबरमध्येच भारतीय फौजेतल्या मेजर ग्रेवाल यांना कैद्यांनी आत कोंडून धरलं. थोरात स्वतः बिनहत्यारी आत गेले, शेकडो खवळलेल्या कैद्यांसमोर बोलले आणि ग्रेवाल यांना बाहेर घेऊन आले. मामाआजोबा त्या दिवशी बाहेरच्या पहाऱ्यावर होते. बंदुका भरलेल्या, हुकमाची वाट बघत. आत आपलाच जनरल, गोळी चालवायची तर कोणावर, हा विचार प्रत्येकाच्या तोंडावर होता, असं ते सांगत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मात्र कैद्यांनी हल्ला केला आणि भारतीय पहारेकऱ्यांना गोळी चालवावी लागली, काही कैदी मेले. त्याबद्दल मामाआजोबा कधी बोलले नाहीत.

१५ ऑक्टोबरपासून समजावणीचे तंबू सुरू झाले. प्रत्येक कैद्याला एकेकटं आत न्यायचं. समोर त्याच्या देशाचे अधिकारी, ते सांगणार, घरी चल. तंबूला बाहेर पडायची दोन दारं, एक मायदेशाकडे, दुसरं परत कुंपणाकडे. कैदी ओरडायचे, थुंकायचे, दोघा-दोघा शिपायांनी त्यांना धरून ठेवावं लागायचं. ठरलेल्या ९० दिवसांपैकी जेमतेम १० दिवस हे काम झालं, बाकीचे दिवस भांडणात गेले. दक्षिणेकडून आलेल्या २२,६०४ पैकी शेवटी मायदेशी परतले फक्त ६२८. उरलेल्यांना जानेवारी १९५४ मध्ये जिथून आणलं त्या बाजूच्या ताब्यात दिलं. चिनी कैदी तैवानला गेले. तिसरा देश मागणारे ८८ जण होते. ते भारतीय फौजेबरोबर बोटीने भारतात आले. पुढे त्यांतले बरेचसे ब्राझील, अर्जेंटिनाला गेले, थोडे इथेच राहिले.

थोरातांबद्दल आणखी एक सांगितलं पाहिजे. १९५९ मध्ये ते पूर्व विभागाचे सेनाप्रमुख असताना चीन ईशान्य सीमेवर कुठून, कसा उतरेल याचा लेखी अंदाज त्यांनी दिला. पुढच्या वर्षी लखनौला 'लाल किल्ला' नावाच्या सरावात तो मांडूनही दाखवला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी तो मानला नाही. १९६२ मध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या वर्षी थोरात निवृत्त झालेले होते आणि आबा अजून रात्रपाळीला, बोमदिला पडल्याची तार मराठीत करत. पणिक्करांच्या निरोपाचं जे झालं तेच एका मराठी सेनापतीच्या अहवालाचं झालं, आणि या वेळी न वाचणारे आपले होते. मराठी घरांत थोरातांचं नाव आज किती जणांना माहीत आहे? मला हे फार लागतं.

मामाआजोबांनी हिंदनगरहून आजीला लिहिलेलं एक पाकीट आईच्या पेटीत निघालं. आपल्या फौजेसाठी टपाल खात्याने तेव्हा चालू तिकिटांवरच 'भारतीय संरक्षा कटक कोरिया' असा काळा ठसा मारून ती वापरायला दिली होती. आईजवळच्या पाकिटावर नऊ पैचं तिकीट आहे, त्यावर घारापुरीची त्रिमूर्ती आणि तिच्यावर आडवा तो ठसा. आतल्या पत्रात थंडीबद्दल दोन ओळी आहेत, पैसे पोचले का ही चौकशी आहे आणि शेवटी लिहिलंय की इथे एक चिनी पोरगा रोज आईच्या नावाने रडतो.

या ठशाची तिकिटं आता संग्राहक विकत घेतात. भटवाडीत, मुलुंडमध्ये, बोरिवली-अंधेरीत कोरियाहून परतलेल्यांची घरं असतील. तुमच्या माळ्यावर असं पाकीट निघालं तर तिकीट सोलून विकू नका. पाकीट आणि पत्र एकत्र ठेवा, ते कोणी, कुठून, कोणत्या तारखेला लिहिलं ते वेगळ्या कागदावर नोंदवा, आणि घरातलं कोणी ते दिवस पाहिलेलं हयात असेल तर याच आठवड्यात त्यांच्यापाशी बसून विचारून घ्या.